ओट्याकडं वळवलेला कॅमेरा

आमच्या घरातला कॅमेऱ्याचा डबा मीच बंद केला. बिघडला नव्हता. तेराव्याचं जेवण उरकलं, लोह्याचे पाव्हणे गेले, लेक लातूरला गेली, मुदखेडची मेहुणी सगळ्यात शेवटी गेली, आणि मी आत जाऊन भिंतीतली पिन उपटली. वायरी काढल्या. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात डबा गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात, तिच्या गुळाच्या डब्याला खेटून ठेवला. त्या कॅमेऱ्याच्या डब्यात ती होती. निदान मला तसं वाटत होतं.

अर्धापूरच्या पुढं आमचं केळीचं रान. रानाच्या कडेला घर. शेजारच्या दोन मळ्यांतून विहिरीवरच्या मोटारीच्या केबली चोरीला गेल्या, तेव्हा लेकीनं कॅमेऱ्याचा हट्ट धरला. लेक लातूरला दिलेली. जावयाचं तिथं लाइटीच्या सामानाचं दुकान. मी म्हणालो, कुत्रं हाय की. ती म्हणाली, "बाबा, कुत्रं लातूरला दिसत न्हाई."

नांदेडहून कॅमेरेवाला आला. चाळिशीतला माणूस, पान खाणारा, बोलका. त्यानं एक कॅमेरा मोटारीवर लावला, एक मागं केळीची गाडी भरतात तिथं, आणि एक घराच्या पुढच्या भिंतीवर, फाटकाकडं तोंड करून. तिन्हीच्या वायरी आणून टीव्हीखालच्या डब्यात खोचल्या. म्हणाला, ह्या डब्यात सगळं साठत राहतं, आणि ताईला लातुरात मोबाईलवर दिसतं. आवाजासकट.

बायको तोवर दारात उभी राहून गप्प ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "बोललेलं पण जातं?"

"हौ मावशी. सगळं जातं."

मोजून आठ दिवस गेले नसतील. मी रानातून आलो तर ही बाई केळीला टेकू द्यायचा बांबू घेऊन भिंतीपाशी उभी. बांबूच्या टोकानं ढोसून ढोसून तिनं कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. फाटकावरून काढलं आणि ओट्यावर आणलं.

"अगं, चोर काय वट्यावर येऊन बसणार हाय का?"

"चोराला बघायला न्हाई तो. मपली लेक मला बघंल."

झालं. त्या दिवसापासून फाटक दिसायचं बंद झालं आणि ही दिसायला लागली. संध्याकाळचं दूध काढून झालं की सुपात डाळ घ्यायची, नाहीतर वातीचा कापूस घ्यायचा, ओट्याच्या दुसऱ्या खांबाला पाठ टेकायची आणि वर त्या कॅमेऱ्याकडं बघून बोलत सुटायचं. फोन होता घरात. पण फोनवर हिचं कधी जमलं नाही. फोनवर ती ओरडून दोन वाक्यं बोलायची आणि "बरं ठेव" म्हणायची. कॅमेऱ्यापुढं मात्र कसलीच घाई नाही. गाय आटली. पलीकडच्या सुनंला दिवस गेले. भुईमुगाच्या शेंगा भाजल्या त्या करपल्या.

लेक तिकडं दर वेळी बघत होती असं नाही. तिला तिचा संसार. मी म्हणायचो, "ती बघायली का न्हाई, तुला काय कळायलंय?"

"न्हाई कळत. म्हणून काय बोलायचं न्हाई? महादेव तरी कुठं हूं म्हणतो?"



निम्मं बोलणं माझ्याबद्दल असायचं. "तुझ्या बापानं आज भाजीला मीठ न्हाई म्हणून ताट सारलं. मीठ होतं. जीभ गेली त्यांची." मी आतून ऐकत असायचो, तिला ते माहीत असायचं, म्हणून आवाज जरा चढायचा.

"माझी दरखास्त करून राहिली का गं लातूरला?"

"हाव. भाईर या, जबाब द्या."

मी बाहेर यायचो. तर जबाब राहिला बाजूला. मी तिच्यापुढं उभा राहिलो की हात झटकायची. "सरका तिकडं. मधी येऊ नका. मी दिसंना गेले."

मग ती आजारी पडली. त्याचं काही लिहिण्यासारखं नाही. नांदेडच्या दवाखान्यात नेली, पोटाचं निघालं, उशीर झाला म्हणाले. घरी आणली तेव्हा ती बोलत नव्हती. कॅमेऱ्याशीही नाही, माझ्याशीही नाही.

गेल्यावर माणसं आली. लई आली. आमच्याकडं दुखवट्याला आलेल्याला 'या' म्हणायचं नसतं आणि जाणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं नसतं. माणसं मुकाट येतात, बसतात, उठून जातात. सकाळी आली ती उठत नाहीत तोवर दुसरी येतात. ओटा भरलेला, अंगण भरलेलं. तेरा दिवस मी नुसता माना हलवत होतो.

आणि त्या गर्दीत मला एकच आधार होता, तो म्हणजे टीव्हीखालचा डबा. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. मी मनात म्हणायचो, हाय. ती ह्याच्यात हाय. डाळ निवडताना हाय, मला बोल लावताना हाय. आमच्या गावात पूर्वी पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, आत जोंधळे, वरून तोंड बंद. आपण काढल्याशिवाय एक दाणा जात नाही. डबा म्हणजे मला पेवच वाटलं. माणसं पांगली तसं मी पेवाचं तोंड बंद केलं. आता ह्याच्यात नवीन काही पडायला नको आणि ह्याच्यातलं काही सांडायला नको. उघडून बघायची मला छाती नव्हती. वर्षसराद होऊ दे, लेक येईल, तिच्या मांडीला मांडी लावून बघू, असं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

लेकीचा फोन रोज.

"बाबा, डबा चालू करा."

"न्हाई."

"तुम्ही एकटे हाव. पडलाव तर मला कळंल कसं?"

"पडलो तर उठंन."

"मग लातूरला चला."

"तिथं काय करू? तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली माणसांची टकलं बघत बसू?"

ती हसायची नाही. फोन धरून नुसती असायची. मला तिचा श्वास ऐकू यायचा.

उन्हाळ्यात ती आलीच. येताना जावयाच्या दुकानातला एक डबा घेऊन आली. दुसऱ्या कंपनीचा. म्हणाली, जुना बिघडला असंल तर हा लावू. मी बिघडला असं म्हणालो नव्हतो, पण तिचं तिनं तसं धरलं होतं. चहाला गूळ घ्यायला तिनं फडताळ उघडलं आणि तिथूनच हाक मारली.

"बाबा. हे काय?"

लुगड्याच्या धडप्यातून बारीक मुंग्यांची रांग चालली होती. गुळाच्या डब्यातून निघून थेट त्या डब्याच्या फटीत. मी गुळाशेजारी ठेवला होता. तिची जागा म्हणून ठेवला होता. मुंग्या येतील हे एवढ्या वर्षांच्या शेतकऱ्याला कळू नये.

लेकीनं धडपा उलगडला. आईचं लुगडं तिनं ओळखलं. 

दुसऱ्या दिवशी नांदेडचा कॅमेरेवाला आला. त्यानं जुना डबा उघडला, फुंकर मारली, आतल्या हिरव्या पाटीवर मुंग्यांची पांढरी अंडी भरलेली. "चाचा, हे गेलं कामातून," म्हणाला. "पण डिस्क चांगली दिसायली. साठवण सगळी हिच्यातच असते." मग लेकीनं आणलेला डबा हातात घेऊन हलवून बघितला. "हा रिकामा हाय, ह्याच्यात डिस्कच न्हाई. काही हरकत न्हाई. जुन्यातली काढून ह्याच्यात टाकतो. कंपनी दुसरी हाय, तर फक्त एकदा फॉरमॅट मारावं लागंल."

"म्हंजे काय?"

"पुसून कोरी करायची. ह्याला त्याचं लिहिलेलं वाचता येत न्हाई."

मी डिस्कवर हात ठेवला. "हात लावू नको."

तो बघत राहिला. लेकीनं माझ्या हाताकडं बघितलं, मग धडप्याकडं बघितलं. मी पिन कशासाठी उपटली ते तिला तेव्हा कळलं. ती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, एवढी भांडी घासायला नव्हती.

कॅमेरेवाल्यानं आवाज खाली आणला. "मावशी हैत का ह्याच्यात?"

"हाव."

"मग पुसायचं कशाला? आधी बघू. जुन्या कंपनीचा डबा माझ्या दुकानात हाय."

त्याच्या फटफटीवर मागं बसून नांदेडला गेलो. डिस्क मांडीवर, धडप्यात. खड्डा आला की मी ती पोटाशी धरायचो. लेक म्हणाली होती मी पण येते, पण तीन माणसं कशी बसणार. आणि खरं सांगायचं तर मला आधी एकट्याला बघायचं होतं.

त्याचं दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही भिंतींना कॅमेरेच कॅमेरे, सगळे आपल्याकडं बघणारे. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. डिस्क त्याच्या डब्यात बसवली, टीव्ही लावला. तीन चौकोन उजाडले. एकात मोटार, एकात केळीची गाडी भरायची जागा, एकात ओटा.

ओटा बायकांनी भरलेला होता. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. मी ओळखलं, दुखवट्याचं चित्र आहे.

"मागं घे," मी म्हणालो.

"हेच सगळ्यात मागचं हाय चाचा."

"अजून मागं घे."

त्यानं घेऊन दाखवलं. जात नव्हतं. मग माझ्याकडं वळून बसला. "बघा, हा डबा हाललेलंच टिपतो. काही हाललं न्हाई तर गप बसतो. तुम्ही दोघंच असताना काय हलायचं? दीड-दोन महिन्यांचं सहज मावत असंल. पण भरला की जुनं पुसतो आणि त्याच्यावर नवं लिहितो. आता दुखवट्याच्या तेवढ्या दिवसांत..." तो खाली बघायला लागला.

पुढचं मीच म्हणालो. "माणसं आली. सारखी हलत राहिली."

"हौ."

"आन् ती पुसली गेली."

  कुणाला बोल लावणार? जी माणसं तिच्यासाठी धावत आली, उन्हातान्हात एसटीनं आली, त्यांच्याच येण्याजाण्यानं ती एकेक दिवस करून निघून गेली. मी आतल्या खोलीत हिरव्या दिव्याकडं बघून हाय हाय म्हणत होतो, आणि तो दिवा तिला पुसत होता.

"बंद करू का चाचा?"

"चालू दे."

बघत राहिलो. दहाव्याच्या आसपासचा दिवस असावा. ओट्यावर मुंगी शिरायला जागा नाही. बायका पायऱ्यांवर बसलेल्या, खाली अंगणात उन्हात बसलेल्या, पदरानं वारा घेणाऱ्या. आणि दुसऱ्या खांबापाशी मोकळं. एक माणूस टेकून बसेल एवढी जागा. सावलीची जागा. तिथं कुणी बसलं नव्हतं. नवी बाई आली, तिनं इकडं तिकडं बघितलं, ती जागा बघितली, आणि जाऊन पायरीवर बसली. कुणी कुणाला सांगितल्याचं दिसलं नाही. मी तेरा दिवस त्या घरात होतो, मला हे दिसलं नव्हतं.

मग मुदखेडच्या मेहुणीचा आवाज आला. बायकोची धाकटी बहीण. ती बाजूच्या बाईला सांगत होती, "आक्का हितं बसून लेकीशी बोलायची बघा. आन् दाजी आले की म्हणायची..." मेहुणीनं हात झटकला. "'सरका तिकडं. मधी येऊ नका. मी दिसंना गेले.'"

आवाज मेहुणीचा होता. पण 'सरका'वरचा तो हेल, तो झटका तिचाच. बायका पदर तोंडात धरून हसल्या. दुखवट्यात हसू नये, म्हणून जास्तच हसल्या. तेवढ्यात चित्रात मी आलो. हातात तांब्या. सगळ्या गप्प झाल्या. मी मधून चालत गेलो आणि चित्राबाहेर गेलो. काय म्हातारा दिसत होतो.

"परत लाव," मी म्हणालो. त्यानं लावलं. मग परत लावलं. गिऱ्हाईक आलं होतं त्याला त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

शेवटी तो म्हणाला, "चाचा, असं करू. ही डिस्क तुम्ही जपून ठेवा. नव्या डब्यात दुसरी टाकतो. न्हाई तर एवढा तुकडा काढून ताईच्या मोबाईलवर पाठवतो."

 पेव उघडलं होतं आणि आत जोंधळे नव्हते. रिकाम्या पेवाला कुलूप घालून किती दिवस त्याच्यावर झोपायचं?

"नको," मी म्हणालो. "हीच टाक. पूस."

"तुकडा तरी?"

"मेहुणी जिती हाय. मुदखेड काय लांब न्हाई. मला ऐकावं वाटलं तर जाईन तिच्याकडं."

घरी आलो तर लेक फाटकातच उभी. माझं तोंड बघून तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं, "न्हाई त्याच्यात ती. पाव्हणे हैत." सगळं सांगितलं, खांबापाशी कुणी बसलं नव्हतं तेही सांगितलं. ती ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिली. खांबाकडं न बघता.

मग कॅमेरेवाल्याचं काम सुरू झालं. नव्या डब्यात डिस्क बसवली, पुसली. एक पट्टी सरकत सरकत टीव्हीभर गेली, संपलं. वायरी खोचल्या. तर नवा डबा कॅमेरे ओळखीना. टीव्हीवर काळंच काळं.

"एका कंपनीचे असते तर आपसूक वळखले असते," तो म्हणाला. "दुसऱ्या घरात आलं की आधी नाव-गाव सांगावं लागतं." लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. प्रत्येक कॅमेऱ्याला एक नंबर असतो म्हणे, घराला असतो तसा. जुन्या डब्यानं दिलेले नंबर नव्या डब्याच्या गल्लीतले नव्हते. ते बदलले. मग पासवर्ड, तो त्यानंच ठेवलेला होता. मग प्रत्येक कॅमेऱ्याच्या आत जाऊन परक्या कंपनीच्या डब्याशी बोलायची परवानगी चालू करायची. मोटारीवरचा कॅमेरा आला. मागचा आला. पुढच्या भिंतीवरचा काही केल्या येईना.

"ताई, हा तुमच्या बाबांसारखा हाय," तो म्हणाला. "परक्याला वळखच दाखवंना."

लेक त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आणखी काहीबाही दाबल्यावर तो आला. टीव्हीवर ओटा उजाडला. दुसरा खांब, त्याच्या बुडाशी तिच्या पाठीनं गुळगुळीत झालेला रंग.

"चित्र आलं," कॅमेरेवाला म्हणाला. "आवाज मात्र न्हाई देत हा. ह्या दोन कंपन्यांचं चित्राचं जमतं, आवाजाचं जमंना. आणखी एक. हाललं का न्हाई हे हे कॅमेरे ह्या डब्याला नीट सांगत न्हाईत. म्हणून मी सारखं चालू ठेवलंय. कुणी असू दे नसू दे, हा टिपत राहणार. दिवस कमी मावतील."

"चालंल," लेक म्हणाली.

"कामून चालंल?" मी म्हणालो. "रिकामा वटा टिपून काय करायचा?"

"चालंल म्हणते ना मी."

मग त्यानं शिडी लावली. "हा कुणी फिरवलाय काय की. फाटक दिसंना. सरळ करून देतो."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी लेक ओरडली, "राहू द्या! तसाच राहू द्या तो." शिडीवरचा माणूस दचकला. उतरून खाली आला, शिडी मिटवली. त्याला काय कळायचं ते कळलं असावं.

लेक लातूरला गेली. आठेक दिवसांनी एका संध्याकाळी दूध काढून झालं, आणि मला वाटलं तिला दिसावं म्हणून आपण बाहेर बसावं. पडलो नाही हे कळू दे. बायकोच्या जागेवर मी बसणार नव्हतो. जिथं परक्या बाया बसल्या नाहीत तिथं मी कसा बसू? तिच्या जागेसमोर, भिंतीकडं तोंड करून बसलो. वर कॅमेऱ्याकडं बघितलं. काहीतरी बोलावं असं आलं तोंडात. गाय आज नीट खाईना, एवढंच. बोललो. आवाज जात नाही हे माहीत होतं, तरी बोललो.

खिशातला फोन वाजला.

"बाबा."

"पडलो न्हाई. बसलोय."

"दिसायलंय मला." मग म्हणाली, "बाबा, जरा सरका ना."

"कामून?"

"मधी आलाव."

मी मागं वळून बघितलं. माझ्या पाठीमागं दुसरा खांब होता. म्हणजे रोज संध्याकाळी ही पोरगी लातुरात बसून काय बघत असणार, आणि मी डबा बंद केला तेव्हा तिचं काय बंद झालं, हे मला तेव्हा समजलं.

मी हातभर सरकलो.

"आता?"

"अजून थोडं."

अजून सरकलो. पार पायरीपाशी गेलो. फोन कानाला तसाच होता. तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही.